माझ्या दंडात चौघांची लस

मला एकाच सकाळी पटकीची लस चार वेळा टोचली गेली, आणि चारही वेळा मी स्वतःच्या पायांनी चालत जाऊन दंड पुढं केला. एवढं सांगितलं की ऐकणारा हसतो. मीही त्याला हसू देतो. पुढचं ऐकल्यावर त्याचा चेहरा उतरतो, तेव्हा मी त्याला चहा पाजतो. पन्नास वर्षं होत आली, पण स्पिरिटचा वास आला की मी आजही दोन्ही दंड काखेत लपवायला बघतो. दंड काखेत लपवता येत नाहीत, हे मला दर वेळी नव्यानं कळतं.

बहात्तरचा दुष्काळ येऊन बसला होता आणि ते साल सरलं तरी उठायचं नाव घेत नव्हता. आमचं गाव तासगावच्या अंगाला. विहिरी अशा आटल्या होत्या की उन्हाच्या वेळी माणसं विहिरीच्या तळाशी सावलीला बसून पत्ते खेळायची. खोटं वाटत असेल तर सोडून द्या, पण त्या तळाशी मी स्वतः बदामाचा एक्का टाकलेला आहे. वडील जनावरं घेऊन छावणीत होते. थोरला भाऊ फौजेत. लढाईच्या दिवसांत त्याचं पत्र येईना, तेव्हा वहिनीनं नवस बोलला होता: धनी धड परत आले तर देवाच्या जत्रेला पुलापासून देवळापर्यंत अनवाणी चालत जाईन, त्या दिवशी देवाचं दर्शन होईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब घेणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी पायथ्यापासून वरपर्यंत दंडवत घालीन. भाऊ धड परत आला. फक्त कानात सतत ट्रॅक्टर चालू असतो असं म्हणायचा, तेवढंच. पण पहिल्या वर्षी जत्रेच्या तोंडावर घरात सुतक आलं आणि नवस राहिला. म्हणून ह्या वर्षी काही झालं तरी जायचंच होतं.

देवाचं नाव मी घेत नाही, कारण देव अजून तिथंच आहे आणि मी अजून जत्रेला जातो. सातारा जिल्ह्यात, फलटणच्या बाजूच्या माळावर कुठंतरी आहे, एवढं पुरे.

गावातल्या एका द्राक्षवाल्याचा ट्रॅक्टर जत्रेला निघाला होता. त्याच्या ट्रॉलीत आम्ही चौघं चढलो: आई, चुलती, वहिनी आणि मी. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. रोज हजार जोर काढायचो. बरं, पाचशे. माझ्या दंडाकडं बघून म्हशी दूध जास्त द्यायच्या, असं गावात म्हणायचे. कोण म्हणायचं विचाराल तर मीच म्हणायचो.

ह्या दंडांचा देवाच्या कामातही उपयोग होता. वडलांचा गुडघा गाडीखाली सापडून कामातून गेला होता आणि त्यांचे दर वर्षीचे दंडवत त्यांच्या बदली मी घालायचो. आमच्याकडं हे चालतं. घरातल्या एकानं घातलं की ज्याच्या नावानं घातलं त्याला पोचतं. देवानं कधी तक्रार केली नाही. सगळा घोटाळा इथूनच सुरू झाला.

जत्रेच्या अलीकडं कोरड्या नदीवर पूल होता, आणि पुलाच्या तोंडाशी बांबू आडवा टाकून सगळ्या गाड्या अडवल्या होत्या. त्या बाजूला कुठंतरी पटकीचे रोगी सापडले होते म्हणे. टोचून घेतल्याचा शिक्क्याचा कागद असल्याशिवाय पुढं सोडत नव्हते. लिंबाच्या झाडाखाली तंबू होता, स्टोव्हवर पातेल्यात सुया उकळत होत्या, आणि एक उंच माणूस बाह्या सरसावून टोचत सुटला होता. टोचलं की तो हातात स्पिरिटचा कापसाचा बोळा द्यायचा आणि म्हणायचा, "दाबून धर. त्या टेबलाकडं जा." टेबल लांब, दुसऱ्या झाडाखाली. तिथं कारकून मान खाली घालून बसलेला. दंडावर बोळा दाबलेलं माणूस समोर आलं की तो नाव, गाव, वय लिहायचा, शिक्का मारायचा आणि कागद हातात द्यायचा.

आईनं तंबूतून येणाऱ्या एका बाईला गाठलं.

"आवं, लय दुखतं का वो?"

"दुखायचं काय न्हाई, बाई. पर ताप येतो म्हनं. आन् दोन दिस हात वर व्हत न्हाई."

वहिनीनं आईकडं बघितलं. आईनं चुलतीकडं बघितलं. हात वर झाले नाहीत तर दंडवत कसं घालायचं? सरळ पालथं झोपून दोन्ही हात डोक्याच्या पुढं ताणायचे असतात, आणि असं पायथ्यापासून वरपर्यंत. एक वर्ष चुकलेला नवस दुसऱ्या वर्षीही अर्धा राहणार. आई एक घटकाभर गप्प राहिली. आई गप्प राहिली की आमच्या घरात भांडीसुद्धा घाबरतात.

मग ती मला म्हणाली, "तुझ्या बाचं दंडवत कोन घालतं रं?"

"मी."

"द्येवाला पोचतं का न्हाई?"

"पोचतं की."

"मग द्येवाला पोचतं आन् सरकारला पोचत न्हाई व्हय?"

मला ते इतकं पटलं, आणि चार सुयांनी माझ्या दंडांना काही होईल हे इतकं अशक्य वाटलं, की मी सदऱ्याची बाही लगेच वर केली. चुलती मिश्री लावता लावता म्हणाली, "येवढा खाऊन रेडा झालाय, एकदा तरी घराच्या कामाला यील." एकटी वहिनी तेवढी चुळबुळत होती. हळूच म्हणाली, "आत्याबाई, सुई काय नवसाचा नारळ हाय व्हय? कुनी बी फोडला तरी चालतोय?" वहिनी आईला आत्याबाई म्हणायची. आईनं तिच्याकडं नुसतं बघितलं. वहिनी गप्प झाली. त्या वेळी ती गप्प झाली नसती तर, असं मी आजवर किती वेळा मनात म्हटलं असेल!

पहिल्यांदा मी माझ्या नावानं गेलो, डोक्यावर टोपी. सुई घेतली, बोळा दाबत टेबलाकडं जाऊन माझा कागद आणला. दुसऱ्यांदा टोपी काढून गेलो आणि दुसरा दंड दिला. बाहेर येऊन बोळा आईच्या हातात ठेवला, तो आईनं चोळीच्या बाहीवर दाबला आणि कण्हत कण्हत टेबलाकडं निघाली. असं कण्हली की कारकुनानं उठून तिला स्टूल दिलं. तिसऱ्यांदा डोक्याला टॉवेल गुंडाळून गेलो. तो बोळा चुलतीनं घेतला आणि त्याचा वास घेत घेत गेली, कारण स्पिरिटचा वास तिला मिश्रीपेक्षा बरा वाटला. चौथ्यांदा टॉवेल दातदुखीसारखा गालाला बांधून गेलो. टोचणाऱ्यानं माझा दंड उलटसुलट करून बघितला.

"तुमच्या घरात समद्यांचं दंड सारखंच हायत का वो?"

"तालमीतलं घर हाय, सायेब."

"ह्याला आदीच सूज दिसतीया."

"ती सूज न्हवं. ती कमाई हाय."

त्यानं मान हलवली आणि टोचलं. शेवटचा बोळा वहिनीनं दोन बोटांत धरला, विंचू धरावा तसा. पण नेला. कागद आणला. घडी करून पदराच्या टोकाला गाठ मारली. बांबू वर झाला, ट्रॉली पुलावरून पलीकडं गेली, आणि आम्ही जग जिंकल्यासारखे हसलो.

हसणं माझ्यापुरतं दोन-तीन तासांत संपलं. दुपारपर्यंत माझे दोन्ही दंड एवढे सुजले की सदरा शिवणीवर उसवून काढावा लागला. अंगात असा ताप भरला की ट्रॉलीखाली सावलीला झोपलो होतो तिथली माती तापली. चुलतीनं गार झालेली भाकरी माझ्या दंडावर ठेवून गरम करून खाल्ली. हे मी शपथेवर सांगतो, फक्त शपथ कुणाची ते विचारू नका. आई दर तासाला कोरा चहा उकळून आणायची, मान उचलून पाजायची. त्या दोन दिवसांत माझ्या पोटात त्या उकळत्या चहाशिवाय काही गेलं नाही. ह्याचा अर्थ मला फार पुढं कळला.

वहिनी तेवढ्यात पुलापासून देवळापर्यंत अनवाणी चालत गेली. चैत्राचं ऊन, तापलेली वाट, आणि घोटभर पाणी नाही. जत्रेत कर्णा ओरडत होता: "पाणी टाकीचंच प्या हो! उघड्यावरचं चिरलेलं खाऊ नका! जेवायच्या आधी हात धुवा! शौचाला नदीच्या पात्रात बसू नका, खणलेल्या चरावर जा!" तो कर्णा इतका ओरडत होता की देवाच्या भक्तांना आरतीऐवजी तेच पाठ झालं. पण ऐकून करणारे थोडेच. टँकरनं भरलेली लोखंडी टाकी आमच्या ट्रॉलीपासून हाकेवर होती. चुलती त्यातलं पाणी भरून आणायला गेली आणि भांडं उपडं करून परत आली.

"ह्या पान्याला दवाखान्याचा वास येतोय. पांढरी पावडर टाकलीया त्यात. उपासाच्या बाईनं हे प्यायचं व्हय?"

"मग कुठलं आनायचं?" आईनं विचारलं.

"नदीत झिरा हाय की. आरशागत पानी. लोकांची ही लाईन लागलीया."

झिरा म्हणजे कोरड्या नदीच्या वाळूत गुडघाभर उकरलेला खड्डा. वाळूतून पाझरून पाणी त्यात गोळा होतं, गार, नितळ, वाटीनं भरून घ्यायचं. दुष्काळात आम्ही गावाकडंही झिऱ्याचंच प्यायचो. आईनं तरी एकदा कर्ण्याकडं बघितलं.

"ते टाकीचं प्या म्हनत्यात."

"ज्येंनी टोचलं न्हाई त्येंच्यासाठी हाय ती टाकी," चुलती म्हणाली. "आपल्याकडं कागद हाय."

आणि मी, बावीस वर्षांचा घोडा, तापात ट्रॉलीखालून ओरडलो, "प्या बिनघोर! चौघांची लस माझ्यात हाय!"

हे वाक्य मी बोललो. दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नाही.

संध्याकाळी दर्शन झालं, वहिनी परत आली आणि चुलतीनं भरून ठेवलेला झिऱ्याचा अख्खा तांब्या तिनं उभ्या उभ्या रिकामा केला. मग दुसरा. तिचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, भाऊ इथं असता तर त्याच्या कानातला ट्रॅक्टर बंद पडला असता.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना आईची हाक आली. तशी हाक मी आईच्या तोंडून आधी ऐकली नव्हती आणि नंतर कधी ऐकायला मिळू नये. वहिनी ट्रॉलीच्या चाकाला धरून बसली होती. तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखे जुलाब, वर उलट्या, आणि सगळं एका तासाच्या आत. काल फुललेला चेहरा आत ओढला गेला होता. डोळे खोल गेले होते. हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. पायात गोळे येत होते आणि ती ओरडतही नव्हती, कारण ओरडायला आवाज उरला नव्हता. मी माणसं कुस्तीत मोडताना बघितली होती. पण एका तासात माणूस असं सुकतं, हे मी त्या सकाळी पहिल्यांदा बघितलं आणि माझा ताप जागच्या जागी उतरला. उतरला म्हणजे कळेनासा झाला.

मी तिला उचललं. दंड फुटतील असं वाटलं, फुटले नाहीत. पाठीमागं आई आणि चुलती. दवाखान्याच्या तंबूपुढं दोन रांगा होत्या. छातीला कापडी बिल्ला लावलेला एक स्वयंसेवक प्रत्येकाचा कागद बघून वाटणी करत होता. त्यानं वहिनीच्या पदराची गाठ सोडली, कागद उलगडला.

"टोचलंय की हिला. शिक्का हाय. मग हे उनाचं हाय, उपासात चालली आसंल. तिकडच्या रांगंत घ्या, लिंबूपानी देत्यात."

"आवं, बघा तरी तिच्याकडं," आई म्हणाली.

"मावशी, ज्येंच्याकडं कागद न्हाई, आडवाटेनं आल्यात, त्ये आदी आत. कागदवाल्याला पटकी व्हत न्हाई."

तिकडच्या रांगेत शंभर माणसं होती. आता शंभर म्हणजे माझे शंभर, चाळीस धरा. वहिनीची मान माझ्या खांद्यावर पडली होती आणि तिचा श्वास मला मोजता येत होता. आईनं माझ्या कमरेला चिमटा काढला. त्या चिमट्यात सगळं होतं: खरं बोललास तर जत्रेतून हाकलतील, दंडवत राहील, नवस दुसऱ्यांदा मोडेल, गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. मी आईकडं बघितलं. तिचा चिमटा सैल पडला. तिचे ओठ हलले. "सांग," एवढंच म्हणाली.

मी तालमीत शड्डू ठोकायचो त्या आवाजात ओरडलो, "तिला टोचलं न्हाई! तिची सुई माज्या दंडात हाय! आईची बी, चुलतीची बी! कागद खोटा हाय!"

कर्णासुद्धा गप्प झाला असेल. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. आणि मग माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा धक्का बसला. त्या तिकडच्या रांगेतून एक म्हातारा खाली बघत म्हणाला, "माजी सुई पोरानं घेतलीया." एक बाई म्हणाली, "माजी नवऱ्यानं." मागून कुणी म्हणालं, "आमची गड्यानं घेतली, तीन घरांची." शिक्क्याचे कागद हातात धरून उभी असलेली ती माणसं! मला वाटलं होतं, ही अक्कल जगात फक्त माझ्या आईला सुचली असेल.

आतून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. पन्नाशीच्या, पांढऱ्या पातळाचा पदर खोचलेला. त्यांनी कागदाकडं बघितलंच नाही. वहिनीची पापणी खाली ओढली, हाताची कातडी चिमटीत धरली, नाडी बघितली आणि स्वयंसेवकाकडं वळल्या.

"कागद काय वाचतोस? माणूस वाच. लस घेतलेल्यालाही होऊ शकते ही. हिला आत, आत्ता."

खाटेवर निजवून त्यांनी दोन्ही हातांना सलाईन लावलं. बाटलीतलं पाणी असं पळत आत गेलं की जणू वहिनीची शीर तोंड लावून पीत होती. मग त्यांनी माझा सदरा नसलेला दंड बघितला, फिरवून दुसरा बघितला, आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"किती?"

"चार, बाई."

"अरे, जिवंत कसा आहेस?"

"तालमीतलं घर हाय."

त्या हसल्या नाहीत. "पाणी कुठलं प्यायलात?"

"झिऱ्याचं. नदीतलं."

"आणि सकाळी नदीत बसायला कोण कोण जातं?"

सगळी जत्रा जायची. चरावर जायला लाज वाटते म्हणून झिऱ्याच्या जरा वरच्या अंगाला, वाळूत, ओळीनं.

"वाळूखालून पाणी चालतं, पैलवान," त्या म्हणाल्या. "वर बसलेल्यांचं खाली झिरपतं. दिसायला नितळ, आत मरण. मला इथून हलता येत नाही, माझी माणसं पुरी पडत नाहीत. पावडर घेऊन कुणीतरी येईल, तोवर त्या खड्ड्यातलं कुणी पिता कामा नये. जा."

मी नदीत पळत गेलो तेव्हा झिऱ्याभोवती तांबे-कळश्यांची झुंबड होती. मी हात जोडले, ओरडलो, शिव्या दिल्या. कोण ऐकतंय! एक म्हणाला, "गड्या, देवाचं पानी हाय." दुसरा म्हणाला, "ताप डोस्क्यात गेलाय त्येच्या." एका बाईनं तर माझ्या अंगाखालून वाकून वाटी भरली. मग मला काही सुचेना. म्हणून मी झिऱ्यात बसलो. चड्डीनिशी, आख्खा, मांडी घालून.

पाणी गार होतं आणि मी तापलेला. वाफ निघाली असं मी सांगत आलोय. ती निघालीच असणार. वाळू ढवळून पाण्याचा चिखल झाला. लोकांनी जे काही फेकून मारलं त्यात एक नारळही होता, तो मी झेलला. "झिरा बाटवला!" म्हणून बोंब झाली. चार-पाच जणांनी काखेत हात घालून मला उपसायला बघितलं, पण दंडाला हात लागला की मीच असा किंचाळायचो की ते घाबरून सोडायचे. सुजलेल्या दंडांचा तेवढा एक उपयोग झाला.

पण मी किती वेळ टिकणार होतो? खरं म्हणजे मला वाचवलं आईनं. ती काठावर येऊन उभी राहिली. मी कधी आईला चारचौघांत मान खाली घालताना बघितलं नव्हतं.

"बायानो," ती म्हणाली, "माजी सून काल संध्याकाळी ह्याच झिऱ्याचं दोन तांबं प्याली. आज त्या तंबूत हाय. जगंल का न्हाई म्हाईत न्हाई. तिची सुई मी घिऊ दिली न्हाई. तिला टाकीचं पानी मी पिऊ दिलं न्हाई. माज्या पोराला मारायचं तर मारा, पर हे पानी भरू नगा."

एकीनं कळशी वाळूत ओतली. मग दुसरीनं. पुरुष मात्र अजून कुरकुरत होते. पण बायका पाणी ओतायला लागल्या की पुरुषांची कुरकुर कुठवर चालणार? अर्ध्या तासानं पावडरवाले आले आणि त्यांनी आधी मला उपसलं, मग खड्डा बुजवला.

मी तंबूत परत गेलो तेव्हा वहिनीच्या शेजारच्या खाटेवर तो रांगेतला म्हातारा होता. पोरानं सुई घेतलेला. दुपारी ती खाट रिकामी झाली. उशाला त्याचं पागोटं राहिलं होतं आणि पागोट्याच्या घडीत शिक्क्याचा कागद. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, लस घेतलेल्यालाही होते. म्हणजे त्यानं स्वतः घेतली असती तरी तो वाचला असता की नाही, मला माहीत नाही. पण त्याचा पोरगा दंड धरून खाली बसला होता, बोळा दाबावा तसा, आणि ते मला अजून बघवत नाही.

वहिनी दुसऱ्या दिवशी बोलली. बाटल्या किती लागल्या ते मला विचारलंत तर मी बत्तीस सांगेन. बाई तिला चमच्या-चमच्यानं उकळून गार केलेलं मीठ-साखरेचं पाणी देत होत्या. आई पायथ्याशी बसली होती. वहिनीनं डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, "दंडवत?"

आई माझ्याकडं बघत म्हणाली, "तू निज. तुज्या बदली हा घालंल. आत्ता जाऊन घालंल."

मी उठायला लागलो. माझे हात खांद्याच्या वर जात नव्हते, पण मी घालणार होतो. लोळत का होईना.

"न्हाई," वहिनी म्हणाली. आवाज अगदी बारीक, पण चाचरणारा नव्हता. "भावजी, बसा. माजं मी घालीन. फुडल्या वर्साला. द्येव थांबंल."

आईनं तोंड उघडलं.

"आन् आत्याबाई, सुई बी माजी मीच घीन."

आई त्यावर काही बोलली नाही. पण ह्या वेळी आमच्या घरातली भांडी घाबरली नसती.

पुढच्या वर्षी त्याच पुलाशी, त्याच लिंबाखाली, तोच उंच माणूस बाह्या सरसावून उभा होता. आम्ही आठ दिवस आधीच गावात टोचून घ्यायचं ठरवलं होतं, पण लस वेळेवर आली नाही, म्हणून ह्या वेळी जत्रेच्या चार दिवस आधीच येऊन थांबलो, ताप उतरायला सवड मिळावी म्हणून. वहिनी सगळ्यांच्या पुढं गेली. स्वतः बाही वर केली. सुई टोचताना तिनं मान वळवली नाही, सुईकडंच बघत राहिली. तिच्या मागं चुलती, मिश्री थुंकून. मग आई. आईनं डोळे मिटले, दंड पुढं केला, आणि टोचून झाल्यावर डोळे उघडून म्हणाली, "येवढंच व्हय?"

मग मी पुढं झालो. त्या माणसानं माझ्या दंडाकडं बघितलं, मग चेहऱ्याकडं, आणि सुई खाली ठेवली.

"ह्यो दंड मला म्हाईत हाय," तो म्हणाला. "गेल्या साली चार वेळा बघितलाय. तुमचं घर तालमीतलं न्हाई, पैलवान. तुमचं घर एकाच दंडाचं हाय."

पाठीमागची रांग हसली. मी लाजेनं काळाठिक्कर पडलो. त्यानं सुई परत उचलली आणि मला टोचलं, एकदाच. बोळा हातात दिला. तो मी दाबून धरला, आणि टेबलाकडं माझं मी गेलो.